राहिलेली परीक्षा

माझं लग्न इंग्रजीच्या परीक्षेवर अडलं होतं, असं सांगितलं की माझ्या मुलीला ते खोटं वाटतं. आई गोष्ट रंगवून सांगते, असं तिचं मत आहे. तशी सवय मला आहे, नाही असं नाही. पण ही गोष्ट रंगवायची गरजच नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमच्या शाळा निघाल्या. तिथं ज्युनिअर केजीला प्रवेश हवा असेल तर पोराच्या आधी आईबापाची मुलाखत घेतात, ही बातमी शहरातून निघाली ती दिंडोरी, कळवण, सटाणा करत गावोगाव पोचली. आणि मुलगी बघायला येणाऱ्या मंडळींनी तिच्यातून आपल्यापुरता अर्थ काढला. पोर अजून जन्माला यायचं होतं, त्याची आई अजून ठरायची होती. पण पुढंमागं शाळेत तिची मुलाखत होणारच आहे, तर आपण ती आधीच घेतलेली काय वाईट, असा तो हिशेब होता. माझ्या आईला बघायला आलेल्यांनी सुईत दोरा ओवायला लावला होता. मावशीला पेपर वाचायला लावला होता. माझ्या वेळेला इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं आली. गो, वेन्ट, गॉन. विचारणाऱ्यालाही शाळेतलं बहुधा तेवढंच आठवत असायचं, त्यामुळे सगळीकडे तीच विचारायची पद्धत पडली.

मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि आमच्या कॉलनीतल्या बालवाडीत शिकवत होते. वडील नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होते. बडबडगीतं म्हणायला सांगितली असती तर मी संध्याकाळपर्यंत थांबले नसते, पण इंग्रजीचं नाव काढलं की माझी दातखीळ बसायची. आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पाचवीत ते माझ्या आयुष्यात आलं आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना टाळत आलो होतो.

पहिल्या स्थळानं मला आईवर निबंध सांगायला लावला. इंग्रजीत. माझी आई दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि मी तिच्याबद्दल एवढंच सांगू शकले की ती माझी आई आहे. दुसऱ्या स्थळानं तीन रूपं विचारली. मी पहिलं रूप सांगितलं, दुसऱ्याला अडखळले आणि तिसऱ्याच्या आधी मुलाचा मामा घड्याळ बघायला लागला. दोन्हीकडून नकार आला. आईनं नेहमीप्रमाणे त्यांच्यातच खोट काढली. वडील मात्र रविवारी अंगणात बसून सायकल पुसता पुसता मला एवढंच म्हणाले, की शाळेत असताना तुला इंग्रजीची शिकवणी लावायला हवी होती, माझंच चुकलं. मला इतका राग आला की सांगता येत नाही. त्या मंडळींचा, इंग्रजीचा, आणि ज्यात त्यांची काहीच चूक नव्हती त्यात स्वतःला दोष देणाऱ्या वडिलांचाही.

आमच्या शेजारी एक काका राहायचे. पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना इंग्रजी व्याकरणाचं वेड होतं. दुसऱ्या माणसांना भजनाचं किंवा बुद्धिबळाचं असतं तसं. पण त्यांच्याशी व्याकरणावर बोलणारं कॉलनीत कुणीच नव्हतं. काकू तर ते सुरू झाले की पंखा मोठा करायच्या. माझी कहाणी त्यांच्या कानावर गेली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना परत नोकरीवर बोलावलंय. त्यांनी मला शिकवायचा विडाच उचलला.

शिकवायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. सकाळी नळाला पाणी आलं की मी अंगणात हंडे भरायचे आणि काका शेजारच्या ओट्यावरून एकेक क्रियापद टाकायचे. हंडा भरायच्या आत तिन्ही रूपं आली पाहिजेत. नाही आली तर हंडा ओसंडला तरी नळ बंद करायचा नाही, असा त्यांचा नियम होता. आईला तो अजिबात मान्य नव्हता. 'कट' आणि 'पुट' आले की मला हायसं वाटायचं. तिन्ही रूपं सारखी, काही कटकट नाही. अशी साधी, एकवचनी क्रियापदं इंग्रजीत फार थोडी आहेत आणि बाकीची सगळी माणसाचा छळ करायला ठेवली आहेत, असं मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, हेच मी तीस वर्षं पोस्टात सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. थोड्याच दिवसांत अख्ख्या कॉलनीला माझा धडा पाठ झाला. भाजीवाला गाडी ढकलत यायचा तोसुद्धा कोथिंबिरीच्या जुड्या झटकत 'टेक, टूक' म्हणायचा आणि तिसरं माझ्यावर सोडून द्यायचा.

अशात कळवणकडचं स्थळ आलं. मुलगा अंबडलाच डिप्लोमा करून लागलेला, दोन मित्रांबरोबर खोलीवर राहायचा. घरची द्राक्षं आणि कांदा. आई नव्हती, घरात वडील, तो आणि धाकटा भाऊ. मध्यस्थानं जाताना सहज सांगितलं, की मुलाची आत्या जरा इंग्रजीच्या बाबतीत कडक आहे. ही आत्या सिन्नरला दिलेली होती. तिच्या नातवाला इंग्लिश शाळेत प्रवेश नाकारला होता, आणि तो सूनबाईला मुलाखतीत बोलता आलं नाही म्हणून, असं तिनं मनाशी धरलं होतं. आपल्या घरात ही चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, असं तिनं भावाला बजावलं होतं. आई गेल्यापासून त्या घरात तिचाच शब्द चालत होता.

ठरल्या दिवशी दुपारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, आत्या, आणि त्यांच्याबरोबर कळवणचे एक रिटायर गुरुजी. गुरुजी नात्यात कुणी लागत नव्हते. परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम आणले होते. आमच्या वडिलांनाही त्याचा अंदाज होता, म्हणून त्यांनीही काकांना बोलावून माझे चुलते म्हणून बसवलं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. वेळ पडली तर बाजू लढवायला ते तयारच होते.

मी आतून, दाराच्या फटीतून पाहत होते. सगळ्यांत शेवटी मुलगा आत आला. दाराशी चपलांचा नुसता ढीग पडला होता. तो वाकला आणि त्यानं सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या. आमच्याही. कुणी पाहतंय असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून मला ते आवडलं. मग मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. आधीच्या दोन वेळेला नकार आला तर येऊ दे, असं मनात कुठंतरी होतं. या वेळेला मात्र ते नव्हतं. हे स्थळ जमावं, अशी माझीच इच्छा होती, आणि मध्ये इंग्रजी उभं होतं.

चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, द्राक्षांवर या वर्षी भुरी रोग कमी आहे हेही बोलून झालं. मग आत्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घसा साफ केला. इतकी क्रियापदं पडलेली असताना त्या माणसानं मुलगी बघायच्या कार्यक्रमात कुठलं निवडावं? फाशी देण्याचं. टांगणे म्हणा, लटकवणे म्हणा, पण त्यांनी विचारलं ते 'हँग'.

हंडे भरताना ते होऊन गेलं होतं. मी म्हटलं, "हँग, हंग, हंग."

"आणि माणूस असेल तर?" गुरुजींनी विचारलं.

माणसाचं काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं. काका मात्र खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, माणसाचा संबंध कुठं आला, तुम्ही नुसतं क्रियापद विचारलंत. गुरुजी म्हणाले, माणसाला फाशी देतात तेव्हा रूप बदलतं, हे मुलीला माहीत असायला हवं. काका म्हणाले, कशाला माहीत असायला हवं, ती काय जल्लाद होणार आहे? गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून कॅलेंडरचं एक रूप सांगितलं आणि माणसाचं दुसरं, 'हँग्ड', सांगितलं. काकांनी ताबडतोब दोन्हीकडे तेच चालवणारे चांगले चांगले लोक आहेत असं ठणकावलं. मग कॅलेंडरला फाशी झाली, माणूस खिळ्याला लटकला, पुन्हा उतरला, पुन्हा लटकला. आत्या "अहो शुभकार्याला आलोय आपण" असं म्हणत होत्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी सहज मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून ओठातल्या ओठात तीच रूपं म्हणून बघत होता. हँग, हंग... तिथं त्याचं अडलं. त्यानं वर पाहिलं, माझी नजर पकडली आणि खांदे उडवले, की आपल्याला काही येत नाही बुवा. तेवढ्यात काका उठून उभे राहिले आणि प्रात्यक्षिक म्हणून त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून गुरुजींच्या पुढं धरलं. मग मात्र मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला, पण उपयोग झाला नाही. खळखळून, मोठ्यानं हसले. आईनं आतून डोळे वटारले. मी ट्रे उचलून स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला टेकून मग रडकुंडीला आले, कारण आता सगळं संपलं अशी माझी खात्री झाली. परीक्षा देता आली नाही ती नाही, वर पाहुण्यांना हसले.

बाहेर मात्र दोघं म्हातारे थांबायला तयार नव्हते. माझी परीक्षा बाजूलाच राहिली आणि ते एकमेकांची घ्यायला लागले. एक विचारायचा, दुसरा सांगायचा, पहिला चूक काढायचा, मग दुसरा विचारायचा. हळूहळू आवाजातलं भांडण गेलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो माणूस भेटल्यासारखे दोघं एकमेकांच्या गुडघ्यावर थापा मारत होते. दुसरा चहा झाला. ऊन कलून अंगणाच्या भिंतीवर गेलं. आत्या दोनदा म्हणाल्या, गुरुजी, पोरीला विचारताय ना? गुरुजी प्रत्येक वेळेला म्हणाले, हो हो, एवढं संपू द्या. ते काही संपलं नाही, आणि दिवे लागायची वेळ झाली.

मग मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी टोपी सारखी केली आणि शांतपणे म्हणाले, "कळवणची गाडी तर गेली आता."

घरात सगळे दचकले. ते का, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. मुलगी बघायला आलेल्यांनी चहा-पोह्यांच्या पुढं काही घ्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. मुलीच्या घरी पान मांडून जेवलं म्हणजे होकार. मग मागं फिरता येत नाही, फिरलात तर चार माणसं नावं ठेवतात. आणि गाडी चुकलेल्या पाहुण्यांना उपाशी ठेवायचं, हे आमच्या आईला सात जन्मांत जमलं नसतं. मुलाच्या खोलीवर जाता आलं असतं, पण तिथं तिघं एका कॉटवर आणि एका चटईवर झोपायचे. आत्याही सिन्नरला परतणार नव्हत्या, भावाबरोबर माहेरी जायचं म्हणून आल्या होत्या. सगळे एकमेकांकडे पाहत बसले. माझ्या वडिलांनी तर "जेवून जा" म्हणायचं की नाही याचा विचार करत हातातली सुपारी तशीच धरून ठेवली होती.

आईनं विचारबिचार केला नाही. तिनं तवा टाकला. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, वांग्याचं भरीत आणि वरणभात. पानं मांडली गेली, पाहुणे बसले. गुरुजी आणि काका शेजारी शेजारी बसले आणि बोलता बोलता खायलाही लागले. रिवाज वगैरे त्यांच्या गावी नव्हता. बाकी कुणी घासाला हात लावेना. आबा ताटाकडे पाहत होते. मुलगा आबांकडे पाहत होता. शेवटी आत्यांनी स्पष्टच सांगितलं, की जेवण नंतर, मुलीची परीक्षा झालेली नाही, तिला बाहेर बोलवा.

मी भाकरी थापत होते. तशीच उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिले. दोन्ही हातांना पीठ, कपाळावर घाम. आत्या म्हणाल्या, आता मीच विचारते, लिहून आणलंय. त्यांनी पिशवीत हात घातला. वडिलांचा चेहरा मी पाहिला. सायकल पुसताना होता तसाच झाला होता. तो चेहरा पाहिला आणि माझी भीती कुठल्या कुठं गेली, नुसता राग उरला. पण आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, मला सगळी येत नाहीत," मी म्हटलं. "थोडी येतात. पुढं पोराला शिकवायची वेळ आली तर त्याच्याबरोबर बसून मीही शिकेन. त्यापेक्षा जास्त काही आत्ता माझ्याकडे नाही. भाकरी गार होतेय, ती तेवढी आधी खाऊन घ्या."

एवढं बोलून मी तिथंच उभी राहिले. आत्यांचा हात पिशवीतच होता. आणि त्या मुलानं, वडिलांना न विचारता, आत्याकडे न बघता, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. ठेचा आईच्या हातचा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं लगेच दुसरा तुकडा मोडला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनीही हात घातला आणि म्हणाले, वरण वाढा.

आत्यांनी शेवटचा उपाय केला. आपला उपास आहे, म्हणाल्या. आमच्या आईनं क्षणाचाही वेळ न लावता भगर शिजत टाकली आणि शेंगदाण्याची आमटी केली. गरम गरम वाढल्यावर आत्यांनाही नाही म्हणता आलं नाही. त्या जेवल्या आणि मग पुन्हा थोडी घेतली. त्या रात्री गुरुजी काकांकडे झोपायला गेले, आणि सकाळी काकू आईला म्हणाल्या की दोघांनी मिळून पंखा बंद करून ठेवला होता, आवाजात नीट ऐकू येत नाही म्हणून.

लग्न झालं. सासर मला चांगलं मिळालं. नवऱ्याबरोबर मी अंबडजवळच संसार मांडला, सणावाराला कळवणला जायचो. मी घरात पाऊल टाकलं की आबा पाणी पिऊन झाल्यावर एकच वाक्य टाकायचे, "पोरी, तुझी परीक्षा बाकी हे." मग सगळे हसायचे. मीही हसायचे. नातेवाइकांत तर आमच्या लग्नाची गोष्ट एसटीवरच येऊन थांबायची. यांची गाडी चुकली नसती तर लग्न कसलं जमतंय, असं कुणीतरी हमखास म्हणायचं.

आता खरं सांगते, ते मला लागायचं. चेष्टा होती, हे कळत होतं. पण कधी एकटी असले की मनात यायचं, की मी या घरात पसंत पडून आले की गाडी चुकली म्हणून आले? आबांनी मला निवडलं होतं, की समोर ताट वाढलं होतं म्हणून त्यांचा नाइलाज झाला होता? नवऱ्याशी भांडण झालं की मी हेच काढायचे. तुमची गाडी चुकली नसती तर सुटला असतात, म्हणायचे. तो पेपर तोंडासमोर धरायचा. मला वाटायचं, याला उत्तर नाही म्हणून गप्प बसतो.

दरम्यान मुलगी झाली, मोठी झाली, आणि दोन हजार सालानंतर ती प्रसिद्ध मुलाखत आली. मी महिनाभर पुन्हा काकांच्या ओट्यावर बसून तयारी केली. काका म्हातारे झाले होते, पण क्रियापदं तशीच ताजी होती. शाळेत बाईंनी मुलीला ट्रेमधली फळं ओळखायला सांगितली आणि मला विचारलं, ही जेवते का नीट? तेही अर्धं मराठीत. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, बाईंनी मान हलवली, झालं. ज्यासाठी एवढं रामायण घडलं त्याचा निकाल इतक्यात लागला, हे सिन्नरला फोनवर सांगितल्यावर आत्याबाईंनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, प्रवेश मिळाला ना, मग बरं झालं. आता आमचं चांगलं जमतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा आम्हाला न्यायला नाशिकला आले. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी आणि मुलगी तेवढ्या निघालो. मुलीनं आईस्क्रीमसाठी रेंगाळवलं आणि आम्ही स्टँडवर पोचलो तोवर कळवणची शेवटची गाडी सुटून गेली होती. मी बॅगा उचलल्या आणि म्हटलं, चला आबा, घरी जाऊ, उद्या सकाळी बघू. आबा बाकड्यावर बसून राहिले.

"बस खाली. मुक्कामी गाडी हे ना," ते म्हणाले.

मला मुक्कामी गाडी हा प्रकार माहीत नव्हता. कळवणच्याही पुढं एका गावाला जाऊन रात्री तिथंच थांबायचं आणि पहाटे तिथल्या लोकांना घेऊन परत यायचं, अशी ती एसटी होती. पाटीवर त्या लहान गावाचं नाव, त्यामुळे शहरातल्या माणसाला ती कळवणवरून जाते हे कळायचं कारण नाही. थोड्या वेळानं ती आली. कंडक्टरनं आबांना बघून पुढची जागा रिकामी करून दिली. त्यानं तिकिटं फाडली तेव्हा मी सहज विचारलं, ही गाडी नवीन सुरू केली का हो? तो म्हणाला, नाही ताई, मी नोकरीला लागायच्या आधीपासूनची आहे.

मी आबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

"आबा," मी म्हटलं, "त्या दिवशी पण ही गाडी होती?"

"व्हती ना."

"मग तुम्ही गेली म्हणालात ते?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बहिणीला तोंडावर नाय म्हणायची माझी टाप नव्हती. जेवलो की आपोआप ठरलं असतं. मंग म्हनलं, गाडी गेली."

"पण माझी परीक्षाच झाली नव्हती. मला तर येतही नव्हतं."

"ते दोघं फाशीवरून भांडत व्हते आन् तू हसली," आबा म्हणाले. "तुझी सासू गेल्यापासून आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसलं नव्हतं. आम्ही तीन गडी, जेवायचो आन् झोपायचो. मी तव्हाच ठरवलं, हीच पोर घरात आणायची."

इतकी वर्षं जे हसू मला माझा गुन्हा वाटत होतं, त्यानंच माझं लग्न ठरवलं होतं. गाडी चुकली नव्हती. गाडी होती, आणि हा माणूस मुद्दाम तिच्यात बसला नव्हता, माझ्यासाठी. दिंडोरी मागं पडेपर्यंत मी डोळे पुसत होते. मुलगी विचारत होती, आई काय झालं, आणि मग त्या कॅलेंडरची आठवण होऊन मी रडता रडता हसायलाच लागले. मोठ्यानं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. आबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. परीक्षा बाकी आहे, हे वाक्य त्यांनी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

उतरताना माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट लख्ख आली. नवरा लग्नाआधी दर शनिवारी कामावरून उशिरा सुटून गावी यायचा. कुठल्या गाडीनं यायचा? सकाळ होताच मी नाक्यावरच्या दुकानातून अंबडला त्याच्या कारखान्यात फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "मी काल मुक्कामी गाडीनं आले."

पलीकडून मशीनचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्हालाही माहीत होतं," मी म्हटलं.

"आबा म्हणाले गेली," तो म्हणाला. "मग मी कशाला सांगू, आहे म्हणून?"

त्यानंतरही आम्ही भरपूर भांडलो, अजूनही भांडतो. पण भांडणात मी पुन्हा एसटीचं नाव काढलं नाही.